चिखलाची बरणी

आमच्या ड्राय फोर्क गावचा चिखल किती खोल होता हे सांगितलं की कॅन्ससबाहेरची माणसं हसतात. हसू देत. एकाहत्तर सालच्या मॅचमध्ये आमच्या डाव्या फळीचा एक गडी त्यात रुतला, तो मार्चमध्ये नांगराला लागला, आणि वर आल्या आल्या त्यानं आधी स्कोअर विचारला. मला ठाऊक आहे, कारण तो चिखल मीच केला होता.

हार्लन व्होट तेव्हा कॉलेजच्या फुटबॉलचा, म्हणजे आमच्याकडच्या चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचा, नवा कोच होता. त्याची पोरं गव्हाच्या पोत्यांसारखी जाडजूड. समोर मार्लो कॉलेजची पोरं हरणासारखी पळणारी, लांबून फेकलेला चेंडू अलगद झेलणारी. गावचा आगीचा बंब मी चालवायचो; हार्लननं आदल्या दिवशी मला गाठलं आणि त्या बंबानं मैदान भिजवून घेतलं. दुसऱ्या दिवशी हरणं जागच्या जागी रुतली. आमची पोती चेंडू पोटाशी धरून, डोकं खाली घालून, मधोमध घुसत राहिली. आम्ही विजेते झालो. हार्लननं त्या दिवशीचा चिखल लोणच्याच्या बरणीत भरला आणि आपल्या टेबलावर ठेवला.

पुढं सत्तावीस वर्षं तेच चाललं. शुक्रवारी मी बंब घेऊन मैदानावर, शनिवारी पोरं त्या बरणीला हात लावून मैदानात, आणि चेंडू पोटाशी धरून मधोमध. आधी आम्ही जिंकायचो. मग अधूनमधून जिंकायचो. मग समोरच्यांनी चिखलात चालणारे बूट घेतले, आणि जिंकणं ही आमच्याकडं आजोबांनी सांगायची गोष्ट होऊन बसली.

सत्ताविसाव्या वर्षी आमचा क्वार्टरबॅक होता थेरन ऑक्स. डाव सुरू झाला की चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो कुणाला द्यायचा की लांब फेकायचा, हे काम त्याचं. थेरनचा हात असा होता की जेवणघरात बसल्या बसल्या तो पाव फेकायचा, तो चार टेबलं ओलांडून आमच्याच संघातल्या ड्वेन रीसच्या ताटातल्या रश्श्यात पडायचा, आणि शिंतोडा उडायचा नाही. ड्वेननं तर मान वर करून बघणंही सोडलं होतं. नुसता हात पुढं करायचा. सराव संपल्यावर ही जोडी अंधार पडेपर्यंत फेकाफेकी करायची, कुणी सांगितलेलं नसताना. थेरन दर आठवड्याला कोचकडं जाऊन फेकायची परवानगी मागायचा आणि हार्लन दर आठवड्याला एकच उत्तर द्यायचा. देवानं चेंडू अंड्यासारखा केला तो पोटाखाली धरायला, उडवायला नाही. थेरन ‘बरं कोच’ म्हणायचा आणि पुढच्या आठवड्यात परत यायचा. चिवटपणात दोघं सारखेच.

हंगामातली शेवटची मॅच मार्लोशीच होती. कॉलेजच्या अध्यक्ष टेटबाईंनी हार्लनला बोलावून सरळ सांगितलं की ही मॅच हरलात तर सोमवारी किल्ल्या आणून द्या. हार्लनला दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. त्याची बायको लोरीन मला म्हणाली, हा माणूस घरी बसला तर महिन्याभरात कोंबड्यांना फळी करून उभं करील.

शुक्रवारी मी बंब घेऊन गेलो खरा, पण नळी खाली उतरवली नाही. रेडिओवर सांगत होते की रात्रीत कडाक्याचा गारठा येणार.

“हार्लन, पाणी गोठेल. चिखल नाही, काच होईल.”

“एकाहत्तर साली रेडिओ होता का, ऑर्व्हिल?”

“होता.”

“मी ऐकला होता का?”

मी नळी सोडली.

सकाळी मैदानात तोंड बघून दाढी करता आली असती. आमची पोरं बरणीला हात लावून बाहेर आली आणि पहिल्याच धावेला सगळी फळी आडवी झाली. पोतं घसरलं की लवकर थांबत नाही. आमचा एक दांडगा गडी घसरत घसरत बँडवाल्यांच्या ताफ्यात शिरला आणि मोठा ढोल घेऊन परत आला. मार्लोवाल्यांचेही पाय टिकत नव्हते, पण ते निदान फेकत होते. अर्धी मॅच संपली तेव्हा ते सतरा, आम्ही भोपळा.

मधल्या सुट्टीत लोरीन नेहमीसारखी कॉफीचं भांडं घेऊन कपडे बदलायच्या खोलीत आली. मी तिच्यामागून कप घेऊन. हार्लन पोरांना सांगत होता की आपण जे करत आलोय तेच करायचं, फक्त आणखी जोरात. पोरं बुटांकडं बघत बसली होती. तेवढ्यात थेरन उठून उभा राहिला.

“कोच, झेलणाऱ्याला माहीत असतं आपण कुठं वळणार. त्याला अडवणाऱ्याला नसतं. बर्फावर तो वळायला जातो आणि पडतो. मी सकाळपासून बघतोय. ड्वेन दर वेळी मोकळा उभा आहे.”

“एकाहत्तर साली—” हार्लननं सुरुवात केली.

लोरीननं भांडं त्याच्या बरणीशेजारी ठेवलं. “एकाहत्तर साली तू बंब आणलास तेव्हा अख्खं गाव तुला खुळा म्हणत होतं, हार्लन. माझा बाप तर म्हणाला, लग्न मोडून टाक. त्या दिवशी तू जुनं असं काय केलं होतंस, ते सांग ना या पोरांना.”

हार्लननं बरणी उचलली, उजेडात धरून बघितली आणि परत ठेवली. मग त्यानं कॉफी एका घोटात संपवली, जीभ भाजली तरी चेहरा हलू दिला नाही, आणि थेरनला म्हणाला, “फेक.”

मग काय सांगू. थेरन फेकत होता आणि ड्वेन मान वर न करता हात पुढं करत होता. अडवणारे असे पडत होते, जणू त्यांच्या पायाखालचं जाजम कुणी ओढून घेतंय. एक चेंडू इतका उंच गेला की खाली आला तेव्हा त्याच्यावर बर्फाचा थर होता. शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा आम्ही तीन गुणांनी मागं होतो आणि जी ओलांडली की सहा गुण मिळतात ती रेषा दोन पावलांवर होती. चेंडूला लाथ मारून तीन गुणांची बरोबरी करता आली असती, पण लाथ मारणारा गडी मघाशीच घसरला होता, आणि माझ्या अंदाजानं तो अजून ओक्लाहोमाच्या दिशेनं चालला होता.

रेषा दोन पावलांवर आली की ड्राय फोर्कचं एकच गाणं. सगळे पाय आपटत ओरडू लागले, मधोमध, मधोमध. हार्लननं खेळ थांबवून थेरनला जवळ बोलावलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

“मार्लोवाले कुठं उभे राहतील?”

“मधोमध, कोच. सगळे.”

“का?”

थेरन बुटानं बर्फ खरवडू लागला.

“बोल, घाबरू नकोस.”

“कारण तुम्ही सत्तावीस वर्षं तिथंच डोकं आपटताय.”

हार्लननं हळूच मान हलवली. “मग ती वर्षं फुकट घालवू नकोस. मधोमध घुसतोय असं दाखव. ड्वेनला सांग, कोपऱ्यात जा.”

आमची पोती मधोमध घुसली. मार्लोचे अकराच्या अकरा त्यांच्यावर पडले, आणि मी म्हणतो त्यांचा स्वयंपाकीही पडला असणार. कोपऱ्यात ड्वेन एकटा, गाडीची वाट बघत असल्यासारखा. थेरननं चेंडू त्याच्या हातात असा ठेवला, जसा रश्श्यात पाव.

टेटबाईंनी किल्ल्या मागितल्या नाहीत. थेरन आणि ड्वेनला गावानं खांद्यावर घेतलं. हार्लन मात्र गुडघ्यावर बसून मैदानातल्या बर्फाचा एक तुकडा खणून काढत होता. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पुढच्या हंगामात त्यानं बंब बंद केला. गवत टेबलावरच्या कापडासारखं बारीक कापून घेतलं. पोरं बदलली, तरी फक्त फेकायचं. पहिल्याच मॅचला असा वारा सुटला की आमचा चेंडू शेजारच्या तालुक्यात सापडला. नवा क्वार्टरबॅक म्हणाला, कोच, आज पोटाशी धरून पळतो ना. हार्लन म्हणाला, “देवानं चेंडूला टोकं दिली ती हवा कापायला.” आम्ही हरलो.

सोमवारी मी लोरीनकडं ॲपल पाय खाऊन बसलो होतो. तिनं फ्रीज उघडून दाखवला. वरच्या बर्फाच्या कप्प्यात लोणच्याची बरणी, तिच्यात मैदानातला बर्फाचा तुकडा. आता शनिवारी हार्लन ती मैदानावर नेतो आणि पोरं तिला हात लावून खेळायला उतरतात.

लोरीननं बरणीकडं बघितलं, मग भिंतीत खोचलेल्या फ्रीजच्या पिनेकडं.

“ऑर्व्हिल,” ती शांतपणे म्हणाली, “हे वितळायला किती वेळ लागेल रे?”