नऊ पानांचं झाड

झाडाचं पहिलं पान गळलं त्या सकाळी शरयूच्या खोलीची खिडकी गेली. काच फुटली नव्हती, कुणी गज काढून नेले नव्हते. खिडकीच गेली होती. तिथे भिंत होती आणि भिंतीवर जुनाच वाटावा असा रंगाचा पोपडा आलेला होता.

"ताई, माझी खिडकी गेली," शरयू बाहेर येऊन म्हणाली.

मंदाताई झाडाजवळ पाट टाकून बसली होती. ओल्या कापसाने एकेक पान पुसत होती. "पान गळलं," ती म्हणाली. "आता आठ राहिली. रात्री पंखा तू लावलास ना?"

दोघी बहिणी नागपुरात तिसऱ्या मजल्यावर राहत. मंदाताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली; अजूनही कुणाशीही बोलताना आधी त्याची नखं बघायची. शरयू तिच्याहून चौदा वर्षांनी लहान, सेहेचाळीसची, चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. झाड मंदाताईने एप्रिलच्या शेवटी आणलं. कुठल्याशा पावसाळी जंगलातलं, हिरव्या पानांवर पांढरे पट्टे आणि पाठीला वांग्याचा रंग. नागपूरच्या उन्हाळ्यात ते जगणं कठीणच. त्याला नळाचं पाणी चालत नव्हतं, ऊन चालत नव्हतं, वारा चालत नव्हता. कुंडीखाली ओल्या खड्यांची परात ठेवावी लागे आणि दर तासाला फवारा मारावा लागे. हे सगळं शरयूच करायची, कारण ताईचे गुडघे दुखत. पाणी जरा कोमट झालं, की झाड पानं मिटून भिंतीकडे तोंड करायचं.

दुसरं पान गळलं तेव्हा गॅलरीचं दार गेलं. दोरीवर वाळत घातलेले शरयूचे दोन पंजाबी ड्रेस बाहेरच राहिले. तिसऱ्या पानाबरोबर हॉलची खिडकी गेली आणि खिडकीत बसवलेला कूलर भिंतीच्या आत गेला. तो आत चालू होता. कान लावला की पाण्याचा पंप ऐकू येई, पण हवा येत नव्हती.

"तू पाय आपटत चालतेस," मंदाताई म्हणाली. "त्याला ते सहन होत नाही."

शरयूने ते तिसरं पान रुमालात गुंडाळलं आणि नर्सरीत नेलं. नर्सरीवाला म्हातारा वाळ्याच्या ताटीखाली बसला होता. त्याने पान उलटं केलं आणि देठ डोळ्यांजवळ नेला.

"किती खिडक्या गेल्या?" त्याने विचारलं.

"दोन. आणि एक दार."

"बाई, आपसूक गळलेल्या पानाचा देठ वाळलेला राह्यते. हा पाहा, ओला हाय. नखाची खूण हाय." त्याने पान परत दिलं. "हे गळलं नाही. खुडलं हाय."

शरयू उन्हात उभी राहिली. पहिलं पान कधी पडलं ते तिने आठवून पाहिलं. मूळच्या वर्ध्याच्या गिरिधर राऊतांशी आपण लग्न करणार आहोत, अठ्ठावीस तारखेला, कोर्टात, हे तिने ताईला ज्या संध्याकाळी सांगितलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी. ताई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "बरं. भात लाव."

तिने राऊतांना फोन केला. "आजच निघू या. मी फक्त माझे कागद घेऊन येते. तुम्ही खाली थांबा."

घरी आली तेव्हा मंदाताई पाटावरच होती. शरयू चपला न काढता आत गेली. कपाटातून जन्माचा दाखला काढला, तो पर्समध्ये घातला आणि बाहेर आली.

"तूच खुडतेस," ती म्हणाली.

"हो."

"काहून?"

"दुसरा उपाय नव्हता. बस, चहा घे."

शरयू दाराकडे धावली. कडीला तिचा हात लागला होता. कडी गार होती, हे तिला नंतरही आठवत राहिलं. मागे टक् असा लहानसा आवाज झाला, शेंग मोडल्यासारखा, आणि तिचा तळवा भिंतीवर टेकला.

स्वयंपाकघराची खिडकी तेवढी उरली होती. ती तिकडे पळाली. खाली राऊत डोक्यावर रुमाल बांधून स्कूटरजवळ उभे होते.

"शरयू! किती वेळ?"

"जिना चढू नका!" ती ओरडली. "दार नाही! शिडी आणा, आधी शिडी—"

टक्. तिच्या नाकासमोर फरशा होत्या. त्यांच्यावर फोडणीचे डाग होते.

त्यानंतर घरात दिवस सारखाच राहिला. दिवा जळत होता. हवा होती, पण ओली आणि जड, धुतलेल्या घोंगडीसारखी. झाडाला ती मानवली. उरलेली चार पानं ताठ झाली, सुपाएवढी रुंद झाली आणि चकाकू लागली. मंदाताई त्यांच्याकडे बघून हसली.

"पाहिलंस? आता नाही त्रास देणार ते. आपल्याला दोघींना काय लागतं?"

शरयूने बाटली भरली, चारही पानांवर नीट फवारा मारला. मग एक पान खुडलं.

मंदाताईचं हसू गेलं. "काय करून राहिली तू? आता बंद व्हायला काय उरलंय?"

दोघींनी घर फिरून पाहिलं. कपाट लोखंडाचा एकसंध ठोकळा झालं होतं. डाळीचे डबे, औषधाची डबी, गोदरेजचं कुलूप, मंदाताईच्या शाळेतल्या सोनेरी बिल्ल्याची पेटी, सगळं झाकणावाचून, फटीवाचून. पर्सची चेन गेली होती. शरयूने ती हलवून पाहिली. आत दाखल्याचा कागद खुळखुळला.

"शरे, ऐक," मंदाताई पुन्हा पाटावर बसत म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "राहू दे आता. मी तुला वाढवलं. आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मी कुणाच्या घरी गेले का? मला विचारायला लोक आले नव्हते का? मी—"

शरयूने दुसरं पान खुडलं.

वाक्य तिथेच थांबलं. मंदाताईच्या नाकाखाली हनुवटीपर्यंत साधी, गुळगुळीत त्वचा होती. तिने बोटांनी ती चाचपली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, विद्यार्थ्याच्या वहीत चूक शोधावी तशी. मग तिने शरयूकडे पाहिलं. त्या नजरेत दुखणं नव्हतं, हिशेब होता.

झाडावर दोन पानं होती. मंदाताई गुडघ्यांवर हात न ठेवता पाटावरून सहज उठली आणि त्यांतल्या जवळच्या पानाच्या देठावर तिने नख ठेवलं.

शरयूने आपणच डोळे मिटून घेतले.