आधी हायपो

हल्ली माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. पहिली म्हणजे कॉलेजची पोरं. जुन्या बाजारातून कुणाच्या तरी आजोबांचा कॅमेरा उचलून आणतात आणि मलाच विचारतात, "काका, शटर अडकलंय, पण व्हाइब भारी आहे ना?" व्हाइब माझ्याकडे दुरुस्त होत नाही, शटर होतं, असं सांगून मी त्यांना बसवतो. दुसरी म्हणजे घर आवरताना माळ्यावर कॅमेरा सापडलेली माणसं. त्यांना तो वापरायचा नसतो, फक्त टाकवत नसतो. असल्यांना मी चहासुद्धा विचारत नाही.

माझं नाव पोपट साबळे. नावावर हसून घ्या एकदाचं, पुण्यात सगळेच हसतात. खडकीत लष्कराच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं दुर्बिणी दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर घरात पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि कॅमेरे घ्यायला लागलो. भिंगावरची बुरशी काढायची, वाळून गोंद झालेलं ग्रीस काढायचं, कॅमेऱ्याच्या मागच्या दाराच्या कडेचा कुजलेला स्पंज खरवडून नवा चिकटवायचा. कुणाचा कृष्णधवल रोल असेल तर तो बाथरूममध्ये धुऊनही देतो. हे काम माझ्याइतकं नीट पुण्यात कुणी करत नाही, असं मी येईल त्याला सांगायचो. खरं होतं की नाही देव जाणे, म्हणजे मी देव मानत नाही, पण सांगायचो.

मथुराबाई आल्या त्या जानेवारीत. सोबत नात होती, तनुजा. वारज्याची माणसं. एके काळी नदीकाठी शेती, आता त्याच जमिनीवर बारा मजल्यांच्या इमारती आणि त्यातल्या एकीत यांचे तीन फ्लॅट. नात आयटीत, हातात महागडा फोन. आजी नऊवारीत, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक क्लिक थ्री काढला. साधा डबा कॅमेरा, त्या काळी घरोघर असायचा. आंघोळ घातलेलं पोर टॉवेलात धरावं तसा पदरात धरून त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला.

"काका, यात एक रोल आहे," तनुजा म्हणाली. "थर्टी सेव्हन इयर्स जुना. गूगलवर तुमचंच नाव आलं. काही होईल का?"

"सदतीस वर्षं?" मी म्हणालो. "लोणचंसुद्धा इतकं टिकत नाही."

तनुजाला राग आला, मला तो दिसला. मथुराबाई मात्र माझ्याकडे बघत राहिल्या.

"भाऊ, माजी लेक हाय त्यात," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. मुलगी रंजी. सहाव्या वर्षी काविळीनं गेली. त्याआधी महिनाभर नवऱ्यानं, जयसिंगरावांनी, हौसेनं हा कॅमेरा घेतला होता आणि पहिला रोल सगळा पोरीवर संपवला होता. बारा फोटो. रोल धुवायला द्यायच्या आत पोरगी गेली. जयसिंगरावांनी कॅमेरा पेटीत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. रोल धुऊन आणा म्हणून बाईंनी दरवर्षी विनवलं. दरवर्षी ते ताटावरून उठून गेले. मागच्या दिवाळीत ते वारले आणि किल्ली बाईंच्या हातात आली.

"दुसरा फोटो नाही कुठलाच?" मी विचारलं.

"न्हाई. तवा कोन काढतंय फोटू? भाऊ, मला तिचं तोंड आठवत न्हाई आता. आधी डोळं मिटलं की दिसायचं. चार-पाच वर्सं झाली, मिटलं तरी दिसत न्हाई. दुसऱ्याच पोरीचं तोंड येतं. कुनाला सांगू हे? आईला लेकीचं तोंड आठवंना, लोकं काय म्हनतील?"

मी उगाच कॅमेऱ्याचं बटण खरवडत बसलो.

"आशा धरू नका," मी म्हणालो. "फिल्म जुनी झाली की आपोआप काळवंडते. काही आलं तर फोन करतो."

त्या गेल्यावर कांता, माझी बायको, आतून म्हणाली, "चहा तरी विचारायचा होता माणसांना."

कॅमेरा पेटीत राहून गंजला होता. गुंडाळायची कळ फिरत नव्हती. ती जोर लावून फिरवली असती तर आतला फिल्मच्या पाठीचा कागद फाटला असता, म्हणून काळ्या पिशवीत हात घालून, अंधारात, नुसत्या बोटांनी मी ती दोन दिवस सैल केली. एक थेंब तेल, मग वाट बघायची, मग दुसरा थेंब. तिसऱ्या दिवशी रोल सुटून हातात आला. मी कॅमेराही तेवढ्यात पुसून घेतला, शटरची स्प्रिंग साफ केली. शटर आता असं टक् वाजत होतं की जयसिंगरावांनी कॅमेरा दुकानातून नुकताच आणला असावा.

जुना रोल एकदम धुवायचा नसतो. आधी शेवटचा चार बोटं तुकडा अंधारात कापायचा आणि तो वेगळा धुऊन बघायचा, म्हणजे किती वेळ ठेवायचा ते कळतं. मी तुकडा कापला आणि वाटीभर ताज्या डेव्हलपरमध्ये टाकला. हायपोतून काढून दिव्यासमोर धरला आणि ओरडलोच, "कांते, इकडे ये!"

शेवटचा फोटो माझ्या कात्रीखाली आडवा आला होता. पोरगी बाजेवर पाय पसरून बसली असणार. माझ्या तुकड्यात तिचे गुडघ्यापासूनचे पाय आले होते. पैंजण, एका अंगठ्याला काहीतरी बांधलेलं, बाजेची सुंभाची वीणसुद्धा मोजता येत होती. सदतीस वर्षांची फिल्म आणि इतकी स्वच्छ! लोखंडी पेटीनं आणि त्या माणसाच्या हट्टानं ती सांभाळली होती.

"लगेच फोन करा त्यांना," कांता म्हणाली.

"पायांचा काय फोन करायचा? बाराच्या बारा हातात ठेवतो."

तिथे माझ्यातला पोपट बोलला. फोन केला असता तर पुढे निदान खोटं बोलायची सोय राहिली नसती.

संध्याकाळी मी ताजं सामान कालवलं. डेव्हलपर म्हणजे ज्यात चित्र उमटतं ते पाणी. हायपो म्हणजे ज्यानं ते पक्कं होतं ते. जिथे चित्र उमटलेलं नसेल तिथली चांदी तो धुऊन काढतो. म्हणून आधी डेव्हलपर, मग हायपो. उलटं झालं की संपलं. दोन्ही दिसायला पाण्यासारखी. दोन्ही मी सारख्याच तपकिरी बाटल्यांत ओतून बाथरूमच्या फळीवर ठेवली, डावीकडे डेव्हलपर, उजवीकडे हायपो. चिठ्ठ्या मी कधीच लावल्या नाहीत. "चिठ्ठ्या लावा," कांता वर्षानुवर्षं सांगत होती. "चिठ्ठ्या शिकाऊ लोक लावतात," माझं उत्तर ठरलेलं. आणि मला चिठ्ठी लागायची नाही, कारण मी बूच उघडून हुंगायचो. हायपोला आंबूस, नाकात जाणारा वास असतो. तो आंधळ्यालाही कळेल.

फक्त एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. कोरोना झाला तेव्हा माझा वास गेला, तो परत आलाच नाही. कांतालाही माहीत नव्हतं. आमटी करपली की ती म्हणायची, "बोलला नाहीत ते?" आणि मी म्हणायचो, "चालतं, रोज काय सुग्रणीचं मिळणार?" चार वर्षं मी बूच उघडून नुसतं नाक पुढे करत होतो आणि डाव्या-उजव्याच्या भरवशावर रोल धुत होतो. जमतही होतं. बाटल्या माझ्याशिवाय कुणी हलवत नसे.

मंगळवारी सकाळी कांतानं फळी पुसली. पाहुणे येणार होते, तिनं बाथरूम घासलं, बाटल्या उतरवल्या, परत ठेवल्या. तिनं काय वावगं केलं? मी साडेदहाला दार लावून घेतलं, अंधारात रोल चकतीवर चढवला, डब्याचं झाकण लावलं. डावी बाटली घेतली. बूच काढून सवयीनं नाकाशी नेली. काही नाही. ओतली. घड्याळ लावून चौदा मिनिटं डबा हलवत बसलो, मनात फोटो मोठे करायला कुठला कागद आणायचा याचा विचार करत. मग उजवी ओतली.

झाकण उघडलं तर चकतीवर काचेसारखी फिल्म. आरपार. मी ती पूर्ण उलगडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक डागसुद्धा नाही. माझा अंगठा तिच्यातून स्पष्ट दिसत होता.

उजव्या बाटलीचा उरलेला थेंब बोटावर घेतला. बुळबुळीत. डेव्हलपर बुळबुळीत लागतो. हे आधी केलं असतं तर? एक थेंब, एक बोट, एवढंच काम होतं.

मी दार उघडून कांतावर इतका ओरडलो की शेजारची माणसं जिन्यात आली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पण तुम्ही वास घेता ना?"

मी खाली बसलो आणि रडलो. सहासष्ट वर्षांचा माणूस, मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडलो. ती माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "आमटीचं तेव्हाच सांगायचंत हो."

बुधवारी मी तनुजाला फोन केला आणि सांगितलं, रोल खराब निघाला. जुना होता, आधीच बोललो होतो. ती म्हणाली, "इट्स ओके काका, तुम्ही ट्राय केलंत." किती सहज झालं! खोटं बोलायला मी इतकी वर्षं उगाच घाबरत होतो.

कॅमेरा न्यायला रविवारी दोघी आल्या. कांतानं न विचारता चहा ठेवला. मथुराबाईंनी कॅमेरा हातात घेतला, शटर दाबलं, टक् वाजलं. आणि त्या एकदम बोलायला लागल्या, माझ्याशी नव्हे, त्या कॅमेऱ्याशीच.

"घात केला म्हाताऱ्यानं. तवाच धुतला असता तर आज भिंतीवर असती माजी पोर. सदतीस वर्सं किल्ली घिऊन बसला. मेल्यावर मला वाटलं, माफ करावं. न्हाई करत. म्हाताऱ्या, भिंतीवरचा तुजा फोटू उतरवून ठिवते आता, पेटीत घालते, कुलूप लावते. बस तिथं!"

"आजी, प्लीज," तनुजा म्हणाली.

कांता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं, भांडून तरी सुटलो असतो.

मी टेबलाचा खण उघडला. त्या चार बोटं तुकड्याचा मी शुक्रवारी कागदावर छाप काढला होता, कशासाठी काढला ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आगपेटीएवढा फोटो. तो द्यायचा म्हणजे सगळं सांगावं लागणार होतं. न द्यावा तर त्या मेलेल्या माणसाला त्याच्याच घरात कुलपात जावं लागणार होतं.

"बाई, त्यांना काही बोलू नका," मी म्हणालो. "रोल चांगला होता. अगदी नव्यासारखा होता. त्यांनी ठेवला म्हणूनच टिकला. मी घालवला."

आणि मग बाटल्या, डावी, उजवी, वास, सगळं सांगितलं. तनुजा उठून उभी राहिली. "सिरियसली? आणि फोनवर तुम्ही… लेबल नाही लावलंत? एक लेबल?"

"नाही लावलं."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय?"

"कळतंय," मी म्हणालो आणि फोटो बाईंसमोर ठेवला. "एवढाच एक तुकडा आधी धुतला होता. एवढंच आहे."

त्यांना दिसेना. मी माझं घड्याळजीचं भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्याला लावलं आणि फोटोवर वाकल्या. खूप वेळ वाकून राहिल्या. तनुजा त्यांच्या खांद्याला धरून होती. कांताच्या हातातला चहा तसाच राहिला.

मला वाटलं, काहीतरी दिलं मी. मनाला वाटलंच तसं, खोटं कशाला बोलू? पैंजण ओळखतील, रडतील, निदान एवढं तरी मिळालं म्हणतील.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. आवाजात राग नव्हता. असता तर मी तो आनंदानं घेतला असता.

"अंगठ्याला चिंधी हाय, ठेच लागली हुती," त्या म्हणाल्या. "पाय मला ठावं हायती, भाऊ. रोज मी धुतलेत. मला तोंड बगायचं हुतं."