तेराव्याचं जेवण

केजच्या बाजारात गोदामाची नवी भिंत पडली, त्या वेळी धोंडीराम मजुरीवर एका विहिरीच्या तळाशी खडक फोडत होता. वरून मेहुणा बजरंगची हाक आली.

"दाजी, वर या."

"कावून रे?"

धोंडीराम दोर धरून वर आला, तर काठावरची माणसं खाली माना घालून उभी. त्याची बायको छबुबाई त्या भिंतीच्या सावलीला मेथीच्या जुड्या मांडून बसली होती.

गोदामाचा मालक म्हणाला, "बाई भिंतीला टेकली कशाला?" हे वाक्य धोंडीरामच्या छातीत रुतून बसलं. भरपाई मिळो न मिळो, चूक बाईची नव्हती, एवढं कोर्टानं म्हणावं म्हणून तो वकिलाकडे गेला. भारतराव वकील म्हणाले, "दाव्याला कोर्ट फी लागते, ती तुला झेपणार नाही. पण तू नादार आहेस, फी भरायची तुझी ऐपतच नाही, असं न्यायाधीशांना पटलं, तर फी न भरता दावा चालवायची परवानगी ते देऊ शकतात. तेवढा अधिकार आपल्या केजच्या कोर्टालाही आहे. जिंकलास, तर सरकार भरपाईतून आपली फी आधी घेईल."

अर्ज झाला. तलाठ्यानं जमीन नसल्याचा दाखला दिला. घर एका खोलीचं, दारात दोन शेळ्या. चौकशीच्या दिवशी बजरंग आणि भावकीतले लोक मागच्या बाकावर येऊन बसले.

मालकाचा वकील गोड आवाजात विचारू लागला. "बाईंच्या तेराव्याला किती लोक जेवले?"

"समदं गाव."

"गोड काय होतं?"

"बुंदी."

"जेवण कुणी घातलं?"

धोंडीरामनं मागच्या बाकाकडे पाहिलं. गहू भावकीनं घरोघर जमवले होते. डाळ बजरंगनं आणली होती, तेल भावकीतल्या तात्याबानं. त्याच्या घरात त्या दिवशी मूठभर पीठ नव्हतं. पण मागे चार माणसं ऐकत होती. छबुबाईच्या नावाचं जेवण मागून घातलं, असं तोंडातून कसं काढायचं?

"मी घातलं," तो म्हणाला. "माझ्या बायकोचं तेरावं हाय. मीच घालणार."

न्यायाधीशांनी मान वर केली. "विचार करून सांगा. दुसऱ्या कुणी मदत केली?"

"न्हाई साहेब."

भारतरावांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी उत्तर लिहून घेतलं.

बाहेर लिंबाखाली बजरंग भडकला. "दाजी, डाळ मी आणलती! सांगायचं न्हाई का? त्यांचा मुनीम बी पंगतीला हुता, दोनदा बुंदी मागून खाल्ली बेण्यानं. तीच आता आपल्यावर उलटली."

"तुज्या बहिणीचं जेवण भिकंचं म्हनू व्हय, भर कोर्टात?"

"मंग आता तिचा न्याव कोन करनार?"

धोंडीराम तिथंच मातीत बसला. भारतरावांनी आणखी एक अर्ज देऊन पाहिला, भावकीची साक्ष घ्या म्हणून. साहेबांनी ऐकून घेतलं, पण शपथेवरचं उत्तर धोंडीरामचंच होतं. परवानगी नाकारली आणि फी भरायला महिन्याची मुदत दिली.

धोंडीरामनं दोन्ही शेळ्या विकल्या. तेवढ्यानं भागलं नाही. मुदत सोमवारी संपते. फी भरलेली नाही, आणि दावा अजून दाखल झालेला नाही.