शीतलअप्पांचे थंड इंगळ

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास हळ्ळीखेडबाहेरच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. हुमनाबादच्या बाजूनं जीपा भरभरून येत होत्या. टपावर बसलेली माणसं खाली उतरायच्या आधीच हात जोडत होती, कारण टपावरून शीतलअप्पांचा मांडव लांबूनच दिसायचा. मांडवापुढं आठ हात लांबीचा चर खणलेला, आणि त्यात बाभळीच्या लाकडांचे इंगळ. धग अशी, की चार हातांवर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे चुरचुरत होते.

त्या इंगळांवरून माणसं चालत होती. पळत नव्हती की उड्या मारत नव्हती. बाजाराला निघाल्यासारखी सावकाश चालत होती. पलीकडं पोचली की कपाळाला भस्म, गळ्यात झेंडूचा हार आणि माईकवरून जयजयकार.

"हौ, देखो!" शीतलअप्पांचा आवाज कर्ण्यातून घुमला. त्यांच्या बोलण्यात कानडी, दखनी आणि मराठी अशी काही मिसळलेली असायची, की तिन्ही भाषांतल्या लोकांना आपल्यालाच काहीतरी खास सांगितलंय असं वाटावं. "साखर जळणारी चीज हाय की न्हाई? चुलीत टाका, भुरभुर जळते. मग साखरेच्या माणसाच्या पायाची आग कामून होते? अंगातली साखर जळायली म्हणून! आणि ज्याची साखर गेली, त्याला आग धरणारच कुठं? हे आपलं संशोधन हाय. अमेरिकेत अजून पोचलं न्हाई!"

तर्क बिनतोड होता. गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी चालणाऱ्यांच्या तळव्याला फोड यायचे. त्याचंही उत्तर अप्पांकडं तयार होतं. "फोड न्हाई तो. साखरेचं पाणी बाहेर पडायलंय. पडू द्या." आणि रोजच्या गोळ्या? "साखरच न्हाई तर गोळी कशाला? रिकाम्या घराला कुलूप लावता का तुम्ही?" निम्मं हळ्ळीखेड पुण्या-हैदराबादला कामाला गेलेलं होतं आणि त्यांची रिकामी घरं कुलूपबंदच होती, पण माईकसमोर हे कुणाला आठवलं नाही.

रूपाली गर्दीच्या कडेला उभी होती. अंगात घाम आणि डोक्यात संताप. ती याच गावची, ज्ञानोबा लॉरीवाल्यांची मुलगी. बी.एस्सी. झाल्यावर गुलबर्ग्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात एका अभ्यासाच्या कामाला लागली होती. साखरेचा आजार जुना झाला की पायांच्या नसा मरतात, आणि माणसाला पाय जायची वेळ येईपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही. कुणाचे पाय धोक्यात आहेत हे आधीच ओळखता येईल का, याचा तो अभ्यास होता. त्यासाठी रूपालीकडं एक नायलॉनचा जाडसर दोरा होता, दात कोरायच्या काडीएवढा. रोग्यानं डोळे मिटायचे, तिनं तळव्याला दोरा टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा. कळलं की रोग्यानं "व्हय" म्हणायचं. ज्याला कळत नाही त्याचा पाय धोक्यात. दीड वर्षात तिनं तीन तालुक्यांतल्या सहाशे माणसांचे तळवे तपासले होते.

फक्त एका माणसाचे राहिले होते. तिच्या स्वतःच्या वडिलांचे.

"माझे पाय कशाला बघतीस?" ज्ञानोबा म्हणायचे. "पुणे-हैदराबाद वीस वर्षं क्लच दाबलेले पाय हायत ते. आणि मागल्या वर्षीपर्यंत तळव्याची आग व्हायची, आता ती बी बंद झाली. बरं व्हायलंय की."

आग बंद झाली हे ऐकून तेव्हाच आपण त्यांचे तळवे तपासायला हवे होते, असं आता रूपालीला वाटत होतं. दुसऱ्यांच्या गावात ती हेच वाक्य ऐकलं की ताबडतोब कागदावर लाल खूण करायची. घरी मात्र हो दादा म्हणून चहा पिऊन निघाली होती.

आणि आज सकाळी तिच्या आईनं, इंदिराबाईंनी, फोन करून रडत सांगितलं होतं, "चार दिस झाले, गोळ्या बंद केल्यात त्यांनी. आज इंगळावर चालायलेत."

रूपाली पहिली बस धरून आली, तर ज्ञानोबा रांगेत उभे! घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, दर पौर्णिमेला विहारात वंदना चुकत नाही, असा हा माणूस. मुलीला बघून ते वरमले, पण रांग सोडली नाही.

"मी नवस बोललो न्हाई," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "नारळ न्हाई, हात बी जोडले न्हाईत. नुसतं चालून बघायलोय. प्रयोग हाय हा."

"दादा, पाय भाजतील!"

"भाजले तर कळंल की मला!"

रूपालीला हसावं की रडावं ते कळेना. त्यांच्या पुढं आठ माणसं होती. रांगेच्या तोंडाशी अप्पांचा चेला कल्लप्पा वही घेऊन बसला होता. तो काय विचारतोय ते तिच्या कानावर पडलं आणि ती जागीच थबकली.

"साखर किती वर्षांची? पायात कापूस बांधल्यावानी वाटतं का? चालताना चप्पल निसटून पडली तर कळतं का?"

"न्हाई बा. परवा चप्पल बाजारातच राहिली, मी घरी आल्यावर बघितलं."

"शाब्बास! देवानं अनवाणी बोलावलंय तुला. जा आत."

पुढच्या तरुणाची साखर दोन वर्षांची होती आणि चप्पल व्यवस्थित कळत होती. कल्लप्पानं त्याला बाजूला काढलं. "तुझी येळ आली न्हाई. अकरा गुरुवार नुसतं दर्शन घे."

हे तेच प्रश्न होते! रूपालीच्या पिशवीतल्या छापील कागदावर जवळपास याच क्रमानं ते होते. अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर श्रीदेवी मॅडमनी दीड वर्ष घासून जी पद्धत बसवली होती, ती शीतलअप्पांनी आधीच बसवली होती. फरक एवढाच, की मॅडम असा माणूस सापडला की त्याला मलमपट्टीच्या खोलीत पाठवायच्या आणि अप्पा त्याला इंगळावर पाठवायचे.

तिनं गर्दी कापत मांडव गाठला. "अप्पा, चालायच्या आधी मी एकेकाचे पाय तपासू का? मी मेडिकल कॉलेजातून आले."

अप्पांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माईक हातात असला की माणसाला धाडस येतं. "या अक्का, या! सायन्सलाही दर्शन घेऊ द्या!"

नुकतेच चालून आलेले, हार अजून ताजे असलेले पाच जण आणि रांगेतले ज्ञानोबा ओळीनं सतरंजीवर बसले. डोळे मिटलेले, तळवे पुढं. रूपालीनं दोरा काढला. पहिल्या म्हातारीच्या, नागम्माच्या, अंगठ्याला टेकवला. दाबला. दोरा वाकला. नागम्मा गप्प. टाचेला टेकवला. गप्प. दुसरा गप्प, तिसरा गप्प. पाचही जणांपैकी एकानंही "व्हय" म्हटलं नाही.

"बघा!" अप्पांनी तिच्याच खांद्यावरून माईकमध्ये आरोळी ठोकली. "डाक्टरीण बाईंनी टोचटोच टोचलं, काय झालं? काय बी न्हाई! सायन्सनं पास केलं!"

जयजयकारानं मांडवाचं कापड हललं. रूपालीचं तोंड उतरलं. सहाशे माणसांत असं कधी झालं नव्हतं. ज्या गोष्टीला ती कागदावर लाल खूण करायची, त्याच गोष्टीवर हे लोक फुलं उधळत होते. आता काय सांगायचं यांना? नस म्हणजे काय, इथून सुरुवात करायची? कर्णा तर अप्पांच्या हातात.

मग ती वडिलांपुढं बसली. त्यांचा उजवा पाय पहिल्यांदाच मांडीवर घेतला. अंगठ्याच्या बुडाशी एक काळा ठिपका होता आणि भोवतीची कातडी पांढरीफटक, भिजल्यासारखी. तिनं दोरा खाली ठेवला. दोन नखांत तो ठिपका पकडला आणि हळूहळू ओढला. बाहेर येत राहिला तो बाभळीचा काटा होता, चांगला बोटाच्या दोन पेरांएवढा. मागोमाग पू आला.

ज्ञानोबांचे डोळे अजून मिटलेलेच. "अगं, कवा सुरू करायलीस?" त्यांनी विचारलं.

पुढच्या ओळीतल्या माणसांनी ते ऐकलं. कुणीच हसलं नाही. नसा कुणाला ठाऊक नव्हत्या, पण बाभळीचा काटा त्या माळावर कुणाला शिकवायची गरज नव्हती. रूपालीनं तो हात उंच करून दाखवला.

"दादा, डोळे उघडा. हा तुमच्या पायात होता."

ज्ञानोबांनी काट्याकडं बघितलं, मग पायाकडं, मग मुलीकडं. "पंधरा-वीस दिस झाले, बाभळी तोडायला गेलतो," ते पुटपुटले. "तवापासनं हाय व्हय हा?"

"तरी बी दुखला न्हाई!" अप्पांनी प्रसंग सावरायला घेतला. "ही किरपा न्हाई तर काय?"

पण नागम्मा आता स्वतःचा पाय वाकडा करून तळवा बघायची धडपड करत होती. वाकवेना. "गं अक्का," ती रूपालीला म्हणाली, "माझ्या बी पायात काय हाय का बघ की. मी तर तीन आठवडे चालायली." तिच्या टाचेला फुटलेल्या फोडाखाली लाल मांस दिसत होतं. तिच्या सुनेनं तोंडाला पदर लावला.

रूपालीला आता माईकची गरज उरली नव्हती. "अप्पा, एकच पाय राहिला. तुमचा."

"माझा कशाला?"

"तुमच्या अंगात साखर न्हाई ना? मग कळायचं कारणच न्हाई."

गर्दी बघत होती. नाही म्हणायला वाव नव्हता. अप्पांनी डोळे मिटून पाय पुढं केला आणि दात आवळून धरले. दोरा तळव्याच्या मधोमध टेकला मात्र, गुदगुल्या होऊन पाय टणकन उडाला आणि अप्पांच्या तोंडून "खी" असा आवाज कर्ण्यातून साऱ्या माळावर गेला. माईक बंद करायचा राहिला होता.

"अप्पांच्याच हिशोबानं अप्पांच्या अंगात पोतंभर साखर हाय," मागून कुणीतरी म्हणालं. आता मात्र हशा पिकला.

"पण ते स्वतः इंगळावर चालतात की!" एका भक्तानं निकरानं विचारलं.

उत्तर इंदिराबाईंनी दिलं. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या ते कुणाला कळलं नव्हतं. "मी रोज तव्यावरची भाकरी बोटानं उलटवते. चुलीतला इंगळ बोटानं आत सारते. झटक्यात केलं तर भाजत न्हाई. मला कुणी हार घातला का आजवर?"

"तेच!" रूपाली म्हणाली. "इंगळावर राखेचा थर असतो, राखेतनं धग सावकाश येते. अप्पा चार ढांगांत पार होतात, म्हणून वाचतात. तुम्ही सावकाश चालता, कारण तुम्हाला चटका कळत न्हाई, आणि म्हणून तुम्हीच भाजता. कल्लप्पा वहीत काय लिहून घेतो ते वाचा. ज्याला चप्पल निसटलेली कळत न्हाई, त्यालाच आत सोडतो. बरे झालेले न्हाई निवडत ते. नसा मेलेले निवडतात."

तो दोन वर्षांच्या साखरेचा तरुण पुढं झाला आणि त्यानं वही ओढून घेतली. तेवढ्या गडबडीत शीतलअप्पा लघवीला म्हणून मांडवामागं गेले, ते अजून परतायचे आहेत. पुढं कळलं, की ते हैदराबादच्या एका खासगी दवाखान्यात दहा वर्षं मलमपट्टी करायचे. पट्टी ओढली तरी कोण ओरडत नाही, हे त्यांनी तिथंच टिपून ठेवलं होतं. निरीक्षण उत्तम होतं, फक्त माणूस वाईट निघाला. हल्ली म्हणे औरादच्या पलीकडं कुठंतरी बीपी उतरवतात.

ज्ञानोबांना त्याच दिवशी गुलबर्ग्याला नेलं. जखम हाडापर्यंत पोचली होती. अंगठा काढावा लागला. अजून दहा दिवस त्याच पायावर चालले असते तर गुडघ्याखालचा पाय गेला असता, असं श्रीदेवी मॅडमनी सांगितलं. रूपाली त्या रात्रभर रडली. सहाशे माणसांच्या आधी हे दोन पाय बघितले असते, तर अंगठा राहिला असता. हे तिला कुणी म्हणालं नाही, तिचं तिलाच माहीत होतं.

वाचकहो, चमत्कार करणारा नेहमी आकाशातून काहीतरी काढतो असं नाही. कधी कधी तो आपल्याच अंगातला आजार काढून दाखवतो आणि त्यालाच आशीर्वाद म्हणतो. त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो: हे असं का होतं? आणि उत्तर मिळेपर्यंत गोळी बंद करायची नाही. साखर असेल त्यानं रोज तळवे बघावेत. पाय बोलत नसेल तर डोळ्यांनी विचारावं, आणि डोळ्यांना जे दिसेल ते डॉक्टरला दाखवावं. त्याला ना गुरुवार लागतो ना हार.

हळ्ळीखेडला ज्ञानोबा आता रोज सकाळी ओट्यावर बसून लॉरीचा एक जुना आरसा जमिनीवर टेकवतात आणि त्यात दोन्ही तळवे बघतात. सुरुवातीला लोक हसायचे. आता चारदोन जण येऊन बसतात. परवा धनगरवाड्यातले तुळजाराम आले. चौदा-पंधरा वर्षांची साखर, तरी तब्येत टणटणीत.

"मला काय गरज न्हाई अण्णा," ते म्हणाले. "माझ्या पायाला काय बी दुखत न्हाई."

ज्ञानोबांनी त्यांच्याकडं नीट बघितलं आणि आरसा त्यांच्यापुढं सरकवला.

"म्हणूनच म्हणायलो, आधी बस."