सहा संत आणि सात ठिपके

१४२८५७ × ३ = ४२८५७१

अंगणात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. पांढऱ्या कपड्यांतला देवऋषी, पाद्रिनो एलिएसेर, डॉमिनोच्या सोंगट्या पालथ्या पसरून बसला होता. कुणीही एक उचलायची, तिच्या वरच्या घरातले ठिपके मोजायचे आणि फळ्यावरच्या आकड्याला तेवढ्याने गुणायचं.

"एक, चार, दोन, आठ, पाच, सात. सहा संतांनी फेर धरलाय. पुढेमागे सरकतील, पण हात कुणी सोडणार नाही."

कोरं घर आलं की म्हणायचा, "संत जेवायला गेलेत. दुसरी काढ."

माझी बायको नेरेइदा सगळ्यात पुढे. मी शाळेत गणित शिकवतो. घरी आकड्यांबद्दल बोलायला लागलो की ती जांभई देते. इथे तिचे डोळे भरून आले होते.

× ५ = ७१४२८५

त्याने तिचं मनगट धरलं.

"हा फेर तुझ्या रक्तात बसवला, पोरी. साखर गेली. सुई फेकून दे."

त्याच्याच सांगण्यावरून तिने रविवारपासून इन्सुलिन बंद केलं होतं. ओठ सुकलेले, सारखी पाणी पीत होती.

"यात चमत्कार कसला?" मी म्हणालो. "एकला सातने भागा, हेच अंक—"

"मास्तर जळतोय," मागून कुणीतरी म्हणालं. लोक खिदळले.

जळतच होतो. त्याचा अंगठा अजून तिच्या मनगटावर होता. पण जळणाऱ्याचाही भागाकार बरोबरच येतो.

× ७ =

आमच्या गिबारा गावात डॉमिनो सहा ठिपक्यांपर्यंतच. हवानात नऊपर्यंत खेळतात. हवानाच्या मेव्हण्याच्या संचातली एक सोंगटी मी खिशातून काढून टेबलावर ठेवली. वरच्या घरात सात ठिपके.

एलिएसेर हसला. "हे हवानाचं खेळणं, मास्तर. आपले संत तिकडे जात नाहीत."

अंगण हसलं. नेरेइदा हसली नाही.

"हवानात जाता येत नाही त्यांना, पाद्रिनो? मग माझ्या रक्तात कसे गेले?"

तो सोंगटी पालथी घालेपर्यंत तिने खडू उचलला होता.

९९९९९९

एकही संत जागेवर नव्हता.

आता त्यांनी मला बोलू दिलं. एकला सातने भागताना बाकी उरते ती एक ते सहातलीच. सहाही येऊन गेल्या की पहिली परत येते आणि अंक पुन्हा तेच फिरतात. सहापर्यंत कशानेही गुणा, तोच फेर दुसऱ्या जागेवरून सुरू होतो. सातव्या हिश्शाची सातपट केली की पुरा एक व्हायला येतो, म्हणून नऊच नऊ. आकडा खरा आहे, देखणाही आहे. तो कुणाची साखर उतरवत नाही. जो तुम्हाला औषध सोडायला सांगतो, त्याने कोणती सोंगटी खेळात ठेवलीच नाही, तेवढं आधी विचारा.

दवाखान्यात सुई घेऊन नेरेइदा बाहेर आली. मला राहवलं नाही.

"मी आधीच सांगितलं होतं."

"तू सांगितलंस, फेर्मिन," ती म्हणाली. "त्यानेही सांगितलंच होतं. मी गुणून पाहिलं."