बोर्ड भरला

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या धक्क्यावर कुणालाही विचारा. सागरी उद्यानाच्या तिकीट खिडकीत मी सोळा वर्षं बसते आहे. समुद्रात उतरायला पैसे कसले, समुद्र काय तुमच्या बापाचा आहे का, असं विचारणारा एक तरी शहाणा मला रोज भेटतो. सुरुवातीला मी समजावून सांगायचे. प्रवेश शुल्कातून खुणेचे तरंगते बोये बदलतात, गस्तीची बोट चालते, प्रवाळावर नांगर टाकणाऱ्यांना पकडतात, वगैरे. आता नुसतं म्हणते, "माझ्या बापाचा असता तर तुम्हाला पाय बुडवू दिला नसता." लोक हसतात नाहीतर चिडतात, पण पैसे देतात.

खिडकीशेजारी भिंतीवर एक लाकडी बोर्ड आहे. त्यावर साठ खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक पिवळा बिल्ला. दिवसाचं तिकीट काढणाऱ्या डायव्हरला मी आकडा बघून बिल्ला देते. तो त्याने जाकिटाला अडकवायचा आणि परत आल्यावर स्वतःच्या हाताने त्याच खिळ्याला लावायचा. आमच्याकडे बोटी दोन. मोठीतून गेलेला माणूस छोटीतून परत येतो, कुणाला मळमळलं तर गस्तीवाले आणून सोडतात. त्यामुळे बोटीतली डोकी मोजून काही कळत नाही. मोजायचं ते बोर्डावरच. खिळा रिकामा असला तर माणूस अजून पाण्यात आहे. चार वाजता मोठी बोट शेवटची फेरी आणते. माणसं उतरतात, बिल्ले लावतात, आणि तोवर बोटवाला इंजिन चालू ठेवून थांबतो. मग तिथूनच ओरडून विचारतो, "ताई, बोर्ड भरला का?" मी बघते आणि भरला म्हणते. त्यानंतरच तो दोर बांधतो. खिळा रिकामा दिसला तर तसाच परत फिरतो.

पूर्वी खालच्या बाजूला निळ्या बिल्ल्यांची एक ओळ होती. ती वर्षाचा पास काढणाऱ्यांची. ही मंडळी फार त्रास द्यायची. वर्षाचे पैसे एकदम भरलेत, मग या खेळण्यासाठी रांगेत कशाला उभं करता, म्हणून तोंड वाजवायची. आणि बिल्ला तसाच पिशवीत टाकून घरी न्यायची. एका मोसमात तीनदा बोट उगाच परत गेली. माणूस घरी आंघोळ करून झोपलेला, आणि आम्ही त्याला पाण्यात शोधतोय. डिझेलवरून साहेबांनी मला झाडलं. मग मीच डोकं चालवलं आणि अर्ज लिहिला, की वार्षिक पासवाले जुने, जाणते असतात, जोडीनेच उतरतात, त्यांना बिल्ल्याची गरज नाही, फोटोचं कार्ड दाखवलं की पुरे. साहेबांनी दोन दिवसांत सही केली आणि बैठकीत माझं कौतुक केलं. निळ्या ओळीचे खिळे मी स्वतः पकडीने उपटले. त्याला आता तीन वर्षं झाली.

माझा दादा नकाशे काढायच्या खात्यात होता. आयुष्यभर खुर्चीत बसलेला माणूस, पण अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला आणि पोहायच्या तलावावर जाऊन डायव्हिंग शिकला. मी त्याची भरपूर टिंगल केली. पण तो दर रविवारी यायचा. सख्ख्या बहिणीच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहायचा, पैसे मोजायचा, बिल्ला घ्यायचा, कधी सवलत म्हणून मागितली नाही. साठाव्या वाढदिवसाला मी त्याला वर्षाचा पास काढून दिला. कार्डावरच्या फोटोत त्याचे सगळे दात दिसतात. घरी येऊन वहिनीला म्हणाला, आता मी रांगेतला नाही, घरचा माणूस झालो.

नवरा गेल्यापासून नऊ वर्षं मी त्यांच्याकडेच राहते. वहिनीचा स्वभाव अबोल. पण तिची एक सवय आहे. संध्याकाळी आधी टेबलावर तीन ताटं मांडायची आणि मग स्वयंपाकाला लागायचं. कुणाला उशीर होणार असेल तर त्याचं ताट पालथं घालते, पण जागेवर ठेवतेच. पहिल्या दिवशी मी पिशवी घेऊन त्या घरात शिरले, तेव्हा तिने मला काही विचारलं नाही. तिसरं ताट मांडलं आणि गॅसकडे वळली. मला राहायला ये असं त्या घरात कुणी कधी म्हणालं नाही, आणि म्हणायची गरजही पडली नाही.

त्या रविवारी खिडकीपुढे रांग लांब होती. दादा बाजूने आला, कार्ड काचेला लावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाईसाहेब, घरच्या माणसाला सोडा." एरवी मी हसले असते. पण सकाळपासून मशीन तिकिटं खात होतं, माझं डोकं तापलं होतं. मी म्हणाले, घरी डोकं खातोस तेवढं पुरे, इथे तरी गप्प बस. रांगेतले दोघंतिघं हसले. दादाचा चेहरा उतरला. तो बोटीकडे गेला.

परत आला की तो जाताजाता काचेवर दोनदा टकटक करायचा. त्या दिवशी चार वाजले तरी टकटक झाली नाही. माझ्यापुढे एक गृहस्थ हुज्जत घालत होता. पाणी गढूळ होतं, एक मासा धड दिसला नाही, शुल्क परत द्या, म्हणून हटून बसला होता. मी त्याला सांगत होते की माशांना आम्ही हजेरीला बांधलेलं नाही. तेवढ्यात बोटवाल्याने हाक दिली. मी मान वळवली. साठ खिळे, साठ पिवळे बिल्ले. आणि त्याच वेळी मनात आलं की दादाने टकटक केली नाही. रुसला असेल, म्हटलं, परभारे घरी गेला असेल. मी ओरडले, "भरला, बांध." आणि परत त्या गृहस्थाकडे वळले.

साडेपाचला वहिनीचा फोन आला. चहा टाकायचाय, तो निघाला का, एवढंच तिने विचारलं. मी कपडे बदलायच्या खोलीत पळत गेले. दादाची पिशवी आकड्याला लटकत होती, खाली चपला, चपलांत घडी करून ठेवलेला चष्म्याचा रुमाल. बाहेर बोटवाला फळ्या धूत होता. माझं तोंड बघून त्याने बादली तशीच टाकली आणि दोर सोडला. दादाचा पाण्यातला जोडीदार म्हणजे चौकातला चष्मेवाला. त्याला फोन लावला. अडीचलाच त्याचा कान दुखायला लागला, म्हणून तो वर येऊन छोट्या बोटीने निघून गेला होता. दादाने हाताने खूण केली होती की तू जा, मी मोठ्या बोटीने येतो. चष्मेवाला फोनवरच रडायला लागला. त्याची चूक नव्हती, पण मी त्याला तसं म्हणाले नाही.

अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी गस्तीच्या बोटी होत्या, कोळ्यांच्या होत्या, एकदा वरून विमानही गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मासेमारीच्या बोटीला तो सापडला, बाराएक किलोमीटर दक्षिणेला. जाकीट फुगवलेलं होतं, शिट्टी दातांत होती. डायव्हरच्या मनगटावरचं घड्याळ पाण्याखालचं मिनिटन्‌मिनिट लिहून ठेवतं. त्यावरून कळलं की तो तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी वर आला. मोठी बोट नुकतीच निघालेली, आणि पाण्याच्या ओढीने तो बोयापासून लांब गेलेला. चार वाजता बोट परत फिरली असती तर वीस मिनिटांत त्याच्यापाशी पोचली असती. लख्ख उजेड होता. डॉक्टर म्हणाले, तो पहाटेपर्यंत जिवंत असावा. त्यांनी हे सांगितलं नसतं तर फार बरं झालं असतं.

वहिनी रडली नाही. जो भेटायला येई त्याला ती एकच सांगायची, की बोटवाल्याने माझ्या माणसाला टाकून दिलं. मी शेजारी बसलेली असायचे. अकरा दिवस मी तोंडातून ब्र काढला नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं की ती बोटवाल्याचं नाव घेते आहे. संध्याकाळी ती तीन ताटं मांडायची, दादाचं पालथं, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून दोन घास पोटात ढकलायचो.

बोटवाल्याला कामावरून दूर केलं होतं. पोलीसही दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. एका दुपारी तो खिडकीशी आला. बावीस वर्षं बोट चालवणारा माणूस, पण काचेपलीकडे चोरासारखा उभा होता. हळूच म्हणाला, "ताई, मी विचारलं होतं तुम्हाला. तेवढंच सांगा. बाकी काही नको." मी खालमानेने तिकिटं फाडत राहिले. तो निघून गेला.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं. बिल्ल्यांचं रजिस्टर अगदी बरोबर आहे, म्हणाले. एकेचाळीस गेले, एकेचाळीस आले. निघण्याआधी पाण्यावर नजर टाकणं हे बोटवाल्याचं काम. आणि तुमचा तो जुना अर्ज फाइलमध्ये आहे तो तिथेच राहू दे, तुमच्या दुःखात आणखी भर नको. वर दादाच्या पासाचे उरलेले सात महिने परत करायचं बघतो म्हणाले. त्यासाठी फॉर्मवर पासधारकाची सही लागते, त्यातून काहीतरी वाट काढू. ते हे मनापासून बोलत होते. मला त्या ग्लासातलं पाणी त्यांच्या अंगावर फेकावंसं वाटलं, पण मी ते पिऊन टाकलं आणि हो म्हणाले.

चौकशी वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होती. लांब टेबलामागे बाहेरून आलेले एक अधिकारी, बाजूला साहेब, समोर खुर्च्या. वहिनी तिसऱ्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बोटवाला भिंतीशी उभा होता, त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी मला विचारलं की चार वाजता काय झालं. रजिस्टर माझ्या हातात होतं. ते वाचून दाखवलं असतं की मी सुटले असते, नोकरी राहिली असती, घर राहिलं असतं. मी बोटवाल्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता, त्याने आशा सोडली होती.

मी म्हणाले, "त्याने विचारलं होतं. भरला, बांध, असं मी सांगितलं. आणि वर्षाच्या पासवाल्यांचे बिल्ले बंद करा हा अर्जही माझाच आहे. खिळे मी उपटले."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. अधिकारी लिहीत राहिले. मग इतके दिवस कुणाला काही न विचारलेली वहिनी बसल्या जागेवरून बोलली. आवाज रोजचाच होता.

"तू बोर्डाकडे पाहिलंस, तेव्हा तुला त्याची आठवण झाली होती का?"

नाही म्हणता आलं असतं. गर्दी होती, भांडण चाललं होतं, कुणीही विश्वास ठेवला असता. पण दादा रात्रभर शिट्टी दातांत धरून होता, आणि त्याच्या बायकोला मी आणखी काय काय फसवायचं?

"झाली होती," मी म्हणाले. "वाटलं, माझ्यावर रुसून घरी गेला असेल."

तिने पिशवीचे बंद एकात एक घातले, उठली आणि निघून गेली. मला जबाब लिहून द्यायला थांबावं लागलं. सहा पानं झाली, प्रत्येक पानावर सही. बोटवाला बाहेर जिन्यात बसला होता. मी खाली उतरताना तो सरकला, मला वाट दिली आणि पुन्हा भिंतीकडे वळला. आभार मानण्यासारखं मी काही केलंही नव्हतं.

घरी पोचले तेव्हा साडेसात वाजले होते. दार लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात वहिनी गॅसपाशी उभी होती, तिची पाठ माझ्याकडे. मी चपला काढल्या, हात धुतले आणि सवयीने टेबलापाशी आले. टेबलावर दोन ताटं होती. एक वहिनीचं, आणि दुसरं दादाच्या जागेवर पालथं घातलेलं.