कावीळ नाय

आरोग्य केंद्राची गाडी घेऊन आनंदी सकाळी वसाहतीत पोचली, तर विठोबाच्या दाराला कुलूप. ती ओट्यावर बसली.

ती इथली नर्स. वसाहत धरणग्रस्तांची. गाव पाण्याखाली गेलं आणि सरकारने माणसं दोन ठिकाणी नेऊन टाकली: अर्धी वैभववाडीकडे, अर्धी इथे, मिठबावच्या अलीकडे, कातळावर. कातळावर काय पिकतंय कपाळ! मग ही माणसं दुसऱ्यांच्या मळ्यांत राबायची, अनवाणी, पोटरीभर चिखलात. त्या चिखलात उंदीर मुततात, त्यातून लेप्टोचा ताप येतो, गोळ्या घ्या रे बाबांनो, असं आनंदी घसा फोडून सांगायची. माणसं माना डोलवायची आणि गोळ्या फळीवर ठेवून मळ्यात जायची.

विठोबाचा मुलगा बाबली तापाने फणफणला होता. काल संध्याकाळी ती बघायला आली, तर तो पोटऱ्यांना हात लावू देईना, आणि डोळे पिवळे. हा लेप्टोच, तिने ओळखलं. पण नुसता ताप म्हटलं तर ही माणसं हलणार नाहीत. म्हणून त्यांना जरा भीती घालावी, या हिशेबाने ती अंगणात सगळ्यांदेखत म्हणाली, "विठूकाका, कावीळ झाली हा तेका. साधा दुखणा नाय ह्या. सकाळी गाडी हाडतंय, ओरोसाक मोठ्या हॉस्पिटलात न्हेवक व्हया."

आता कुलपाकडे बघताना तिला आपलाच शब्द ऐकू आला. अगो आनंदी, तू इथलीच ना? कावीळ म्हटल्यावर इथे कोण डॉक्टरकडे जातं? कावीळ झाडपाल्याची. आणि एकदा तो पाला पोटात गेला की सुई नाही, सलाईन नाही, नाहीतर औषध उलटतं म्हणतात. पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट! आणि या लोकांना पाला देणारे दाजी राहिले गावाच्या दुसऱ्या अर्ध्यात.

"पहाटेच रिक्षा करून गेली," शेजारीण म्हणाली. "दाजींकडे."

बाबलीच्या बायकोचा फोन बंद होता. आनंदी उठली. "यतीन, वैभववाडीक चल," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"डॉक्टरांका इचारलंस?"

"तू गाडी चालव रे. वरड खाऊची ती मी खातंय."

दाजींच्या अंगणात चटईवर बाबली पडला होता. तोंड सुजलेलं, अंग हळदीसारखं. त्याची बायको जान्हवी पदराने वारा घालत होती. ताकाचा रिकामा पेला बाजूलाच होता.

"औषध पोटात गेला," दाजी शांतपणे म्हणाले. "आता सुई चलूची नाय."

आनंदीने जान्हवीला विचारलं, "लघवीक गेलो काय तो?"

"काल दुपारपासून जाऊक नाय."

म्हणजे मूत्रपिंडं बंद पडत होती. आनंदीने सगळं सांगून पाहिलं. लेप्टो सांगितला, रक्त धुणारं ओरोसचं मशीन सांगितलं, आज नेलं नाही तर माणूस हातचा जाईल हेही सांगितलं. विठोबाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तूच सांगलंस मा, कावीळ म्हणान?"

बरोबरच होतं त्याचं. लेप्टोतही कावीळ होते, हे समजावत बसायला वेळ नव्हता. तिने दाजींपुढे हात जोडले.

"माझा चुकला, दाजीनू. ही कावीळ नाय. माका कळूक नाय, मी काय डॉक्टर नाय. आणि कावीळच नाय तर तुमचा औषध हेका लागू नाय. मगे सुई चलता मा?"

दाजींनी बाबलीची पापणी ओढून पाहिली. उभा जन्म पिवळे डोळे बघितलेला माणूस तो, त्याला काय दिसलं नसेल! पण त्यांनी एकदा आनंदीच्या तोंडाकडे पाहिलं.

"नर्सबाय म्हणता तर कावीळ नसात," ते म्हणाले. "न्हेवा तेका."

ओरोसला मशीन लावेपर्यंत बाबली होता. संध्याकाळी गेला.

वसाहतीत बोलणं पसरायला कितीसा वेळ लागतो? कावीळच होती. दाजींचं औषध लागू पडत होतं. नर्सने कावीळ नाही म्हणून खोटं सांगितलं आणि सुई टोचायला लावली. आनंदी गोळ्या घेऊन फिरली, तर बायका तिला बघून आत जायच्या, दारं लोटून घ्यायच्या. ती काय सांगणार होती? कावीळ होती म्हणावं, तर औषध हिनेच तोडलं. नव्हती म्हणावं, तर त्याला वैभववाडीला हिनेच धाडलं. घरी चुलीपुढे बसून ती हमसून हमसून रडली. रडायचं तरी कोणासाठी, बाबलीसाठी की स्वतःसाठी, तेही तिला कळेना. आणि मळ्यात माणसं तशीच अनवाणी उतरत होती.

बाबलीचं बारावंही झालं नव्हतं. एका दुपारी उपकेंद्राच्या दारात विठोबा येऊन उभा राहिला. खांद्यावर बाबलीची मुलगी होती. पोरगी एरवी वसाहतभर बडबडत फिरायची, आज तिची मान आजोबाच्या गळ्यात पडली होती. विठोबा उंबऱ्याच्या आत येईना. आनंदीच बाहेर गेली. तिने पोरीच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. पोटरी दाबली, तशी पोरगी कळवळली. मग तिने पापणी ओढली, नीट पाहिलं, आणि बोलायला तोंड उघडलं.

"काय झाला ता सांगू नको," विठोबा म्हणाला. "काय करूचा तेवढा सांग."

आनंदीने तोंड मिटलं आणि यतीनला फोन लावला.